विश्लेषण : नोकरी मिळाली, पण रोस्टरवर नाव नाही! हेलन रिची यांची वैमानिक कारकीर्द कशी रोखली गेली?

३१ डिसेंबर १९३४ रोजी वॉशिंग्टनहून डेट्रॉइटला निघालेल्या सेंट्रल एअरलाइन्सच्या तीन इंजिनांच्या फोर्ड विमानात उजव्या आसनावर, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, २५ वर्षांच्या हेलन रिची बसल्या होत्या. अमेरिकेतील नियमित प्रवासी आणि टपाल विमानसेवेने वैमानिक म्हणून नेमलेली पहिली महिला अशी त्यांची नोंद झाली. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, कंपनीचे नाव देशभर गेले. मात्र जेमतेम दहा महिन्यांत रिची यांनी राजीनामा दिला. अपघात झाला नव्हता, चूक झाली नव्हती, कंपनीने काढूनही टाकले नव्हते. मग झाले काय?

हेलन रिची कोण होत्या?

पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गजवळ मॅकीस्पोर्ट हे पोलाद कारखान्यांचे गाव आहे. तेथे २१ नोव्हेंबर १९०९ रोजी रिची यांचा जन्म झाला. वडील गावातील शाळांचे अधीक्षक होते, त्यामुळे घर शिस्तीचे आणि प्रतिष्ठेचे. मुलीने शिक्षिका व्हावे ही त्या काळातील रीत, पण हेलन यांना त्यात रस नव्हता. मुलींनी विजार घालणे गावात चर्चेचा विषय होता, तेव्हा त्या विजार घालून फिरत.

मॅकीस्पोर्टलगतच बेटिस फील्ड ही धावपट्टी होती. क्लिफर्ड बॉल या स्थानिक व्यावसायिकाने १९२७ मध्ये येथूनच पिट्सबर्ग ते क्लीव्हलँड ही टपाल विमानसेवा सुरू केली होती. म्हणजे विमान, टपालाच्या थैल्या आणि कातडी कोट घातलेले वैमानिक हे दृश्य रिची यांच्यासाठी शेजारचेच होते. विसाव्या वर्षी त्या उड्डाण शिकल्या. परवाना मिळाल्यावर वडिलांनी त्यांना विमान घेऊन दिले. जागतिक मंदीच्या त्या वर्षांत हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येत होते, आणि वैमानिकाची कारकीर्द तेव्हाही पैशाच्या पाठबळावरच उभी राहत होती, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

वैमानिक होण्यासाठी त्यांनी काय काय केले?

विमान कंपन्यांचे दरवाजे महिलांना बंद होते, त्यामुळे नाव मिळवण्याचे मार्ग दोनच होते, कसरती आणि विक्रम. रिची यांनी दोन्ही केले. डिसेंबर १९३३ मध्ये फ्रान्सिस मर्सालिस यांच्यासह त्या मायामीच्या आकाशात तब्बल ९ दिवस २१ तास ४२ मिनिटे राहिल्या. खाली न उतरता, दुसऱ्या विमानातून नळीने इंधन घेत. खाणे-पिणेही दोरीनेच खाली सोडले जाई. एकदा इंधन घेताना विमानाचे कापडी आवरण फाटले. तेव्हा रिची चालत्या विमानाच्या बाहेर सरकल्या आणि सुई-दोऱ्याने ते शिवून परत आत आल्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये ओहायोतील डेटन येथे महिला वैमानिकांचा राष्ट्रीय मेळावा भरला. तेथील मुख्य शर्यत रिची यांनी जिंकली. त्याच मेळाव्यात विमान कोसळून मर्सालिस यांचा मृत्यू झाला. दहा दिवस एकाच खोपटाएवढ्या जागेत काढलेली सहकारी अशी गेल्यावर, आणि कसरतींचे आयुष्य किती असते हे दिसल्यावर, नियमित पगाराची, ठरलेल्या मार्गाची नोकरी रिची यांना हवीशी वाटली असल्यास नवल नाही. काही महिन्यांतच सेंट्रल एअरलाइन्सची जागा निघाली.

सेंट्रल एअरलाइन्सने त्यांना का घेतले?

याचे उत्तर टपालाच्या कंत्राटात आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी गैरव्यवहाराच्या आरोपांवरून विमान कंपन्यांची सर्व टपाल कंत्राटे रद्द केली आणि टपाल नेण्याचे काम लष्कराला दिले. लष्करी वैमानिकांना रात्रीच्या आणि ढगाळ हवेतील उड्डाणांची पुरेशी सवय नव्हती. काही आठवड्यांत डझनभर जणांचे प्राण गेले आणि सरकारला नव्याने निविदा काढाव्या लागल्या. या उलथापालथीत नव्या, छोट्या कंपन्यांना संधी मिळाली. पेनसिल्व्हेनियातील ग्रीन्सबर्ग येथील सेंट्रल एअरलाइन्स ही त्यातलीच. वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, डेट्रॉइट या पट्ट्याचे टपाल तिने जुन्या पेनसिल्व्हेनिया एअरलाइन्सकडून हिसकावले. ही जुनी कंपनी म्हणजे क्लिफर्ड बॉल यांच्याच सेवेचा पुढचा अवतार.

कंत्राट गेले तरी जुनी कंपनी मार्ग सोडायला तयार नव्हती. एकाच मार्गावर दोन कंपन्या, प्रवासी मोजके. अशा वेळी जाहिरातीला महत्त्व येते. पिट्सबर्ग परिसरात आधीच नावाजलेल्या तरुण महिला वैमानिकाला कामावर घेण्यामागे हे गणित होते, याबद्दल फारसा वाद नाही. पण रिची यांची पात्रता त्यामुळे कमी ठरत नाही. पुरुष उमेदवारांशी स्पर्धा करूनच त्यांची निवड झाली होती. कंपनीला त्यांच्यात जाहिरात दिसली आणि रिची यांना नोकरीत उड्डाण दिसले, पुढचा पेच या दोन अपेक्षांतून निर्माण झाला.

हा मार्ग किती अवघड होता?

वॉशिंग्टनचे तेव्हाचे विमानतळ पोटोमॅक नदीकाठी, आज जेथे पेंटॅगॉनची इमारत आहे त्या परिसरात होते. धावपट्टीतून चक्क वाहतुकीचा रस्ता जात असे! तेथून निघाले की अॅलेघनी पर्वतरांगा. दऱ्यांत साचणारे धुके, हिवाळ्यात पंखांवर धरणारा बर्फ. जुन्या टपाल वैमानिकांपैकी कित्येक जण याच डोंगरांत गेले होते. पलीकडे पिट्सबर्गवर कारखान्यांचा धूर आणि त्यापुढे ईरी सरोवरावरून येणारे हिमवादळ. फोर्ड ट्रायमोटर हे नालीदार पत्र्याचे भक्कम पण मंद विमान होते. सुकाणू जड, कॉकपिट थंड, इंजिनांचा आवाज कानठळ्या बसवणारा. रडार नव्हते, रेडिओ संकेत होते तेही भरवशाचे नव्हते.

टपालाचे कंत्राट असल्याने विमान वेळेवर जाणे आवश्यक असे. म्हणजे हवा थोडी बिघडली म्हणून थांबायचे नाही. या मार्गावरचा वैमानिक जे कौशल्य कमावत असे ते नेमके वाईट हवेत उडण्याचेच. ही गोष्ट ध्यानात घेतली तरच पुढे रिची यांच्यावर घातलेल्या अटीचा अर्थ कळतो.

संघटनेचा विरोध कशासाठी होता?

अमेरिकेतील विमान वैमानिकांची संघटना, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. मंदीत कंपन्या पगार कापत होत्या, तास वाढवत होत्या. त्याविरुद्ध या संघटनेने खरोखरच मोठे काम केले. मे १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने दिलेल्या निर्णयामुळे वैमानिकाचे उड्डाण महिन्याला ८५ तासांवर मर्यादित झाले आणि पगाराचे सूत्र ठरले. मूळ वेतन, शिवाय तासांचे आणि मैलांचे वेगळे पैसे. पुढच्याच महिन्यात हे हवाई टपाल कायद्यात आले. जगभरातील वैमानिकांच्या आजच्या कामाच्या तासांच्या नियमांची मुळे शोधताना त्या निर्णयापर्यंत जावेच लागते.

पण ज्या संघटनेने वैमानिकांना थकव्यापासून वाचवले, तिच्या दारावर पाटी होती ती फक्त गोऱ्या पुरुषांसाठी. रिची यांना सदस्यत्व नाकारले गेले. त्यामागे पूर्वग्रह होताच, पण धंद्याचे भयही होते. मंदीमुळे परवानाधारक पुरुष वैमानिक बेकार बसले होते. विमान चालवणे हे असामान्य शक्तीचे, असामान्य धैर्याचे काम आहे या प्रतिमेवर वैमानिकांचा पगार उभा होता. पंचवीस वर्षांची मुलगी तेच काम सहज करते असे दिसले, तर ती प्रतिमा टिकली नसती.

संघटनेने केंद्रीय वाणिज्य खात्याकडे धाव घेतली. नागरी उड्डाणांचे नियमन तेव्हा याच खात्याकडे होते. वादळी हवेत जड विमान सांभाळण्याइतकी शारीरिक ताकद महिलेत नसते, असा युक्तिवाद झाला. रिची यांच्या उड्डाणातून तसा एकही प्रसंग दाखवता आला नव्हता. तरीही रिची यांना खराब हवेत उडवू नये, असे खात्याने कंपनीला सुचवले. जाहीर नियम म्हणून नव्हे, सूचना म्हणून. नियम असता तर त्याला आव्हान तरी देता आले असते.

‘बेस’ आणि रोस्टर यांचे महत्त्व काय?

वैमानिकाच्या कारकिर्दीचा हिशेब बाहेरच्यांना सहसा कळत नाही. कंपनीत नेमणूक होणे ही त्यातील फक्त पहिली पायरी. नेमणुकीनंतर वैमानिकाला ‘बेस’ मिळतो. ज्या शहरातून त्याची ड्यूटी सुरू होते आणि जेथे ती संपते, ते शहर. मग दर महिन्याचे रोस्टर लागते. कोणत्या दिवशी कोणती फेरी, कोणाबरोबर, मुक्काम कोठे आणि स्टँडबाय किती दिवस. ज्येष्ठांना पसंतीचा बेस आणि सोयीच्या फेऱ्या मिळतात, नवख्यांच्या वाट्याला उरलेले येते. हे आजही असेच आहे.

यात नवख्याला हवे असतात ते तास. लॉगबुकात तास साठले की सहवैमानिकाचा कॅप्टन होतो, छोट्या विमानावरून मोठ्यावर जातो, प्रादेशिक कंपनीतून मोठ्या कंपनीत जातो. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी विमानसेवेत सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ एका प्रादेशिक सेवेचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर हा नियम आला. त्या अपघाताच्या चौकशीत बेसचाही प्रश्न पुढे आला होता. सहवैमानिक महिला सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कच्या बेसवर पोहोचली होती. तुटपुंज्या पगारात बेसच्या शहरात घर परवडत नाही, म्हणून देश ओलांडून ड्यूटीवर यायचे, ही प्रादेशिक वैमानिकांची जुनी व्यथा त्यानिमित्ताने जगापुढे आली.

थोडक्यात, पगारपत्रकावर नाव असणे वेगळे आणि रोस्टरवर असणे वेगळे. रिची यांचे नाव पगारपत्रकावर राहिले.

मग त्यांच्या वाट्याला किती उड्डाणे आली?

दहा महिन्यांत डझनभरही फेऱ्या नाहीत. वॉशिंग्टन ते डेट्रॉइट एका बाजूला थांब्यांसह पाच तास धरले, तरी सगळे मिळून सव्वाशे तासांच्या आतच भरतात. महिन्याला ८५ तासांची कमाल मर्यादा असताना हे दीड महिन्याचेही काम होत नाही! अॅलेघनीवरच्या हिवाळ्यात फक्त चांगल्या हवेत उडायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? वसंत आणि उन्हाळ्यातही अंदाज जरा डळमळीत असला की उजव्या आसनावर दुसरा कोणी बसे.

उरलेले दिवस कंपनी त्यांना भाषणांना, सत्कारांना आणि छायाचित्रांसाठी पाठवत असे. तासांप्रमाणे आणि मैलांप्रमाणे पैसे मिळण्याच्या पद्धतीत न उडणाऱ्या वैमानिकाची कमाईही खुंटते आणि बढतीही. संघटनेचे सदस्यत्व नाही, त्यामुळे तक्रार करायची कोणाकडे? कंपनीचे टपाल कंत्राट सरकारकडून, आणि सूचनाही सरकारकडूनच. वैमानिक संपावर गेले तर कंत्राटच धोक्यात. सेंट्रलच्या जागी दुसरी छोटी कंपनी असती तरी तिने फार वेगळे केले असते, असे वाटत नाही.

रिची यांनी राजीनामा दिल्यावर गवगवा झाला. अमेलिया इअरहार्ट यांनी जाहीर टीका केली. महिलांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या अॅलिस पॉल यांनीही आवाज उठवला. खात्याने आपण बंदी घातलीच नव्हती, असा पवित्रा घेतला. कागदोपत्री ते खरेही होते. सेंट्रल एअरलाइन्स १९३६ मध्ये त्याच जुन्या प्रतिस्पर्ध्यात विलीन झाली, पुढे तिची कॅपिटल एअरलाइन्स झाली आणि १९६१ मध्ये ती युनायटेडमध्ये गेली.

एअरलाइन सोडल्यावर रिची यांनी काय केले?

उडणे थांबवले नाही. १९३६ मध्ये हलक्या विमानातून उंचीचा आंतरराष्ट्रीय विक्रम केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस या बेंडिक्स शर्यतीत त्या इअरहार्ट यांच्या नव्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानात सहवैमानिक होत्या. उड्डाणावेळीच वरचे झाकण उघडले, ते धरून ठेवण्यात दोघींची धांदल उडाली, तरी पाचवा क्रमांक आला. शर्यत जिंकली लुईस थेडन आणि ब्लांश नॉइस या महिलांच्याच जोडीने, दुसरी आली तीही महिलाच. सूचना देणाऱ्या खात्याने हा निकाल वाचला असेलच.

याच काळात रिची यांनी सरकारच्या एका उपक्रमात काम केले. गावोगावच्या उंच छपरांवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवायचे, म्हणजे वाट चुकलेल्या वैमानिकाला ते वरून वाचता येईल. कल्पना फीबी ओम्ली यांची, आणि राज्याराज्यांत फिरून गावकऱ्यांना राजी करणाऱ्या बहुतेक महिला वैमानिक. एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये जागा नसलेल्यांनी इतरांना वाट दाखवण्याचे हे काम नेटाने केले.

१९४० मध्ये रिची यांना उड्डाण प्रशिक्षकाचा परवाना मिळाला. असा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या महिलांपैकी त्या एक. आता त्या ज्या मुलांना शिकवत होत्या, त्यांच्यापुढे लष्कराचे आणि एअरलाइनचे रस्ते मोकळे होते.

युद्धाने परिस्थिती बदलली का?

बदलली, पण युद्ध असेपर्यंतच. १९४२ मध्ये जॅकलिन कॉक्रन यांनी निवडलेल्या अमेरिकी महिलांच्या तुकडीतून रिची ब्रिटनला गेल्या. कारखान्यातून निघालेली लढाऊ विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचवण्याचे काम तेथील एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीकडे होते. कॉक्रन मायदेशी परतल्यावर अमेरिकी तुकडीची जबाबदारी रिची यांच्याकडे आली. ब्रिटनच्या हवेबद्दल वेगळे सांगायला नको. खराब हवेत उडू शकणार नाही असे जिच्याबद्दल ठरवले गेले, ती तेथे बेभरवशाच्या ढगांखालून, रेडिओशिवाय, आज एका तर उद्या दुसऱ्या प्रकारचे विमान नेत होती.

१९४३ मध्ये परतल्यावर त्या अमेरिकेतील महिला वैमानिकांच्या ‘वास्प’ दलात गेल्या आणि दोन इंजिनांची बी-२५ बॉम्बफेकी विमाने पोहोचवू लागल्या. ट्रायमोटरपेक्षा ही विमाने जड होती, वेगवान होती. या दलात एक हजारांहून अधिक महिलांनी प्रशिक्षण पूर्ण केले, ३८ जणींनी प्राण गमावले. तरीही त्यांना सैनिकाचा दर्जा नव्हता, अंत्यविधीचा खर्चही घरच्यांनी किंवा मैत्रिणींनी वर्गणी काढून करायचा. पुरुष वैमानिक मोकळे होऊ लागताच २० डिसेंबर १९४४ रोजी दल बरखास्त झाले. माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ उजाडले.

युद्धानंतर विमान कंपन्या वेगाने वाढल्या, वैमानिकांची मोठी भरती झाली. लष्करातून बाहेर पडलेले हजारो पुरुष रांगेत होते. रिची यांच्या लॉगबुकात आता ट्रायमोटरपासून बी-२५ पर्यंत विमाने होती, दोन देशांतला अनुभव होता. उड्डाणाची नोकरी मात्र मिळाली नाही. त्या न्यूयॉर्कमध्ये एकट्या राहत होत्या आणि खचत गेल्या. ७ जानेवारी १९४७ रोजी त्या घरात मृतावस्थेत आढळल्या. औषधी गोळ्यांच्या अतिसेवनाने झालेला हा मृत्यू आत्महत्या ठरवला गेला. त्या ३७ वर्षांच्या होत्या.

पुढे दार कधी उघडले?

भारतात १९४७ मध्येच प्रेम माथुर यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आणि हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. हीही प्रादेशिक कंपनीच. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानाने पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांसह कोलकाता ते सिलचर उड्डाण केले. आज भारतीय वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जागतिक सरासरीच्या दुपटीहून हे जास्त आहे.

अमेरिकेत मात्र रिची यांच्या राजीनाम्यानंतर ३७ वर्षे एकाही नियमित विमान कंपनीने महिलेला वैमानिक म्हणून कायम नोकरी दिली नाही. जानेवारी १९७३ मध्ये डेन्व्हरच्या फ्रंटियर एअरलाइन्सने एमिली हॉवेल यांना घेतले. त्या प्रशिक्षक होत्या आणि त्यांनी शिकवलेले पुरुष विद्यार्थी एकामागून एक एअरलाइन्समध्ये लागत असताना स्वतः वर्षानुवर्षे अर्ज करत होत्या. नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या लॉगबुकात सुमारे ७,००० तास होते. त्यांचे नाव रोस्टरवर लागले, पहिली फेरी डेन्व्हर ते लास व्हेगास होती. १९७४ मध्ये वैमानिकांच्या त्याच संघटनेने त्यांना सदस्य करून घेतले आणि १९७६ मध्ये त्या कॅप्टन झाल्या.